आड, पन्हळ आणि मोरी : एक प्रस्तावना

ज्या नगराच्या पश्चिमेस कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात आणि लोकश्रद्धा त्यांत पाचवी गुप्त सरस्वती मिळवून त्या प्रवाहास पंचगंगा हे नाव देते, ज्याच्या कुशीत रंकाळ्यासारखा विस्तीर्ण जलाशय आहे आणि ज्याच्या माथ्यावर आषाढ-श्रावणात गगनबावड्याकडून येणारे ढग दिवसचे दिवस मुक्काम ठोकून असतात, त्या कोल्हापुरातील गृहस्थांना पावसाचे पाणी साठविण्याचे व मोरीचे पाणी पुन्हा वापरण्याचे नियम समजावून सांगणारी पुस्तिका काढण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न हे हस्तलिखित हाती पडले तेव्हा प्रथम माझ्याच मनात उभा राहिला. जलदुर्भिक्ष्याने गांजलेल्या मुलखात असले नियम सहज पटतात. आमच्याकडे पाणी फार, ही समजूत इतकी जुनी आणि इतकी सुखावह आहे की तिच्याविषयी शंका घेणे म्हणजे घरच्या देवाविषयी शंका घेण्यासारखे वाटते.

परंतु २०१९ च्या ऑगस्टाची आठवण झाली आणि प्रश्न आपोआप मिटला. राजाराम बंधाऱ्याच्या मापपट्टीवर ३९ फुटांस इशारा आणि ४३ फुटांस धोका मानण्याची आपली रीत. त्या वर्षी पाणी ५५ फूट ७ इंचांपर्यंत चढले, नदीकाठची उपसा केंद्रे बुडाली, आणि चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या या शहरातले नळ ऐन पुरात कोरडे पडले. दोन वर्षांनी, २०२१ साली, पाणी त्याहूनही वर गेले. मी २०१९ च्या त्या दिवसांत आमच्या पेठेतल्या टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभा होतो. पाऊस चालूच होता. रांगेच्या कडेच्या घराच्या पत्र्यावरून पन्हळ भरून वाहत होती, तिची धार रस्त्यावर पडून गटारात जात होती, आणि त्या धारेपासून हातभर अंतरावर उभी असलेली आम्ही चाळीस-पन्नास माणसे दोन हंडे पाण्यासाठी ताटकळत होतो. ती धार कोणी हंड्यात धरली नाही. मीही नाही. कारण पाणी म्हणजे जे नळातून येते ते, आणि आकाशातून पडते तो पाऊस, अशी आमची वाटणी कधीचीच होऊन गेली होती. या पुस्तिकेत जे काही सांगितले आहे ते ही वाटणी मोडावी म्हणून सांगितले आहे, आणि म्हणूनच मी आनंदाने तिची प्रस्तावना लिहावयास घेतली.

पाण्याचे वैपुल्य आणि पाण्याची शाश्वती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आमच्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र हा कोल्हापूरच्याच राज्याच्या प्रारंभकाळातला राजनीतीचा दस्तऐवज. त्यातील दुर्गप्रकरणात किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे ही आज्ञा तर आहेच. पण तिच्याही पुढे जाऊन असे बजाविले आहे की, गडावर एखादा झरा आहे आणि तो पुरतो आहे एवढ्यावर विसंबून राहू नये, कारण लढाईच्या धामधुमीत, तोफांच्या दणक्याने, झरे क्षीण होतात. यासाठी साठवणीची टाकी-तळी करून ते पाणी राखून ठेवावे. मला हे कलम प्रत्येक वेळी वाचताना नवे वाटते. पाणी आहे की नाही एवढेच न विचारता संकट येईल तेव्हा ते कोठून येईल, असे विचारणारी ही राजनीती आहे. आपल्याकडून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर असलेल्या पन्हाळ्यावर १६६० साली सिद्दी जौहराचा वेढा कित्येक महिने पडला होता. पायथ्याची नदी तेव्हा शत्रूच्या हाती होती. गडावरच्या माणसांना आधार होता तो गडावरच्याच तळ्या-विहिरींचा, म्हणजे पर्यायाने आकाशातून पडलेल्या आणि दगडात राखलेल्या पाण्याचा.

खुद्द शहराची कथाही याहून निराळी नाही. कात्यायनीच्या डोंगराकडचे पाणी भूमिगत वाटेने शहरात आणून ज्या हौदात घेत, त्यास लोक ‘पाण्याचा खजिना’ म्हणत, आणि ते नाव मंगळवार पेठेत अजून नांदते आहे. पाण्यास खजिना म्हणणाऱ्या लोकांचा हिशेब पक्का असला पाहिजे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंब्याचा तलाव झाला आणि त्याचे पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात येऊ लागले. यांखेरीज वस्तीच्या मधोमध तळी होती. आज आपण वरुणतीर्थावर सभा भरवितो आणि त्यास गांधी मैदान म्हणतो, कपिलतीर्थात भाजी घेतो, रावणेश्वराच्या तळ्यावर फुटबॉलचे सामने पाहतो आणि सिद्धाळ्याच्या बागेत मुलांना खेळावयास नेतो. मैदान, मंडई, क्रीडांगण आणि उद्यान या सर्वांची शहरास गरज होती, यात वाद नाही. तथापि या प्रत्येक ठिकाणी पूर्वी पावसाळ्यात पाणी येऊन थांबत असे, आजूबाजूच्या विहिरींना पाझरत असे, आणि आता ते थांबत नाही, एवढी नोंद कोठेतरी असावयास हवी होती. अंबाबाईच्या देवळातील मणिकर्णिका कुंडसुद्धा कित्येक वर्षे मातीखाली गाडले गेले होते. ते अलीकडे उकरून मोकळे केले, तेव्हा कित्येकांना तेथे कुंड होते हे प्रथमच कळले.

घरांतली व्यवस्था याहून साधी होती. जुन्या वाड्याच्या मागल्या चौकात आड असे. कौलांवरच्या पागोळ्या पन्हळीत गोळा होत आणि तिच्या टोकाशी लावलेल्या रांजणात किंवा दगडी हौदात पडत. न्हाणीघराची मोरी परसात निघे, आणि तिच्या पाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ अशी तीन झाडे ठरलेली असत. अळवाची पाने घरात येत, केळीचे पान सणाला लागे. कर्दळ शोभेची, पण मोरीकाठचा चिखल तीच शोषून घेई. माझ्या आजीने ‘सांडपाण्याचा पुनर्वापर’ हा शब्द कधी ऐकला नव्हता, परंतु तांदूळ धुतलेले पाणी कोठे ओतावयाचे, भांडी घासलेले कोठे आणि न्हाणीचे कोठे, याचे तिचे नियम या पुस्तिकेतल्या कोष्टकाहून सैल नव्हते. फरक इतकाच की त्या काळी भांड्यांना राख आणि केसांना शिकेकाई लागे. आज मोरीत साबणचुरा उतरतो, त्यातील क्षार जमिनीत साठून ती घट्ट होत जाते आणि झाड हळूहळू पिवळे पडते. म्हणून जुनी रीत जशीच्या तशी उचलून चालणार नाही, ही गोष्ट लेखकांनी प्रारंभीच स्पष्ट केली, हे मला विशेष मोलाचे वाटते. गतकालाविषयीचे प्रेम पाण्याच्या बाबतीत फार काळजीपूर्वक करावे लागते.

मग हे सारे सुटले कसे? माझे मत असे की, ते सुटले सार्वजनिक पाण्याच्या यशामुळे. शाहू महाराजांनी १९०२ साली पाटबंधाऱ्यांचे धोरण जाहीर केले, जुन्या विहिरी-तळ्यांची पाहणी करविली आणि पुढे भोगावतीवर फेजिवड्याजवळ राधानगरीचे धरण हाती घेतले, जे त्यांच्या हयातीत अपुरे राहून स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले. पावसाळ्यापूर्वी बरगे काढून नदी मोकळी सोडावयाची आणि पाऊस सरल्यावर ते पुन्हा घालून पाणी अडवावयाचे, ही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची युक्ती तर महाराष्ट्रभर गेली. संस्थानाने आणि नंतर शासनाने रयतेच्या पाण्याची चिंता अशी वाहिली की घराने ती वाहणे सोडून दिले; नळ आल्यावर आडावर प्रथम जाळी आली, मग फरशी आली, आणि शेवटी मोटारसायकल उभी राहिली. काळम्मावाडीहून सुमारे ५३ किलोमीटर लांबीच्या थेट नळयोजनेचे पाणी शहरात यावे म्हणून लोकांनी अनेक वर्षे लढा दिला, आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी आले तेव्हा झालेला आनंद अगदी रास्त होता. परंतु ज्या पाण्यास घरी यावयास एवढी वाट चालावी लागते आणि त्यासाठी वीज व मोटार लागते, त्याच्याच एकट्याच्या भरवशावर राहणे अमात्यांना मानवले नसते.

या चित्राची दुसरी बाजू बाहेर जाणाऱ्या पाण्याची आहे, आणि ती सांगताना संकोच वाटतो. जयंती ही एके काळी नदी होती, आज तिला आपण नाला म्हणतो. शहराची घाण पंचगंगेत थेट जाऊ नये म्हणून कसबा बावड्यास दररोज ७ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचे आणि दुधाळीस त्याहून लहान अशी शुद्धीकरण केंद्रे उभारावी लागली, आणि तरीही पाऊस जोराचा झाला की नाले भरून ओसंडतात. नदीचे पाणी खाली कोणी तरी पितच असते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी साथ उसळली तिने नदीच्या स्वच्छतेचा प्रश्न न्यायासनापुढे आणि घराघरांतही नेला.

येथे एक साधा हिशेब मांडतो, कारण पुस्तिकेचा उत्तरार्ध त्यावरच उभा आहे. शहरी माणसास दररोज १३५ लिटर पाणी लागते असे आपल्याकडील मानक धरते, आणि त्याची वाटणीही सांगते : स्नानास ५५, शौचकूप धुण्यास ३०, कपड्यांस २०, भांड्यांस १०, घर पुसण्या-धुण्यास १०, स्वयंपाकास ५ आणि पिण्यास ५. या आकड्यांकडे थोडा वेळ पाहत राहावे. दुधगंगेच्या खोऱ्यातून डोंगर उतरून आणलेले, गाळलेले, निर्जंतुक केलेले पाणी आपण पितो त्याच्या सहापट शौचकुपात ओततो. आणि ज्या ५५ लिटरांनी स्नान केले ते, ज्याने शौचकूप धुण्याचे काम निर्वेधपणे झाले असते, त्याच क्षणी दुसऱ्या नळीने नाल्याकडे धाडतो. एका माणसामागे रोजचे ३० लिटर म्हणजे पाच माणसांच्या घरात दीडशे. तेवढेच पाणी नदीतून कमी उपसले जाईल आणि तेवढेच सांडपाणी कमी होईल, असा हा दुहेरी लाभ आहे.

आता नियमांविषयी. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांना २ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच्या तेराव्या प्रकरणात या दोन्ही विषयांची तजवीज केलेली आहे. ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पर्जन्यजलसंचयाची योजना सक्तीची आहे. ती केवळ करून भागत नाही, ती सदैव चालू स्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावर वा गृहनिर्माण संस्थेवर आहे, आणि कसूर झाल्यास बांधीव क्षेत्राच्या दर १०० चौरस मीटरांस वर्षाला १००० रुपयांपर्यंत आकार बसविता येतो. साठविलेले पाणी शक्यतो पिण्या-रांधण्याखेरीज इतर कामांस वापरावे, आणि अपवादात्मक प्रसंगी प्यावयाचे झालेच तर पहिल्या पावसाचे पाणी वेगळे वळविण्याची सोय, गाळणी व निर्जंतुकीकरण ही तिन्ही असावीत, असेही त्यात आहे. सांडपाण्याच्या पुनर्वापराचे बंधन मोठ्या गृहसंकुलांना, दिवसाला २०,००० लिटर पाणी वापरणाऱ्या इमारतींना, ४० वा अधिक खाटांच्या रुग्णालयांना, तसेच वाहने धुणाऱ्या गॅरेजांना आहे.

नियमांची भाषा नियमांसारखीच आहे, आणि लेखकांनी ती सोपी करून सांगण्यात जे कष्ट घेतले त्याची किंमत ज्यांनी मूळ नियमावली चाळली आहे त्यांनाच कळेल. मला मात्र येथे दोन गोष्टी आग्रहाने नोंदवावयाच्या आहेत. पहिली अशी की, ५०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. आणि शिवाजी पेठेत, मंगळवारात, शुक्रवारात वा बुधवारात ज्याचे घर पाच गुंठ्यांवर आहे असा गृहस्थ शोधावयास बराच हिंडावे लागेल. तेथील घरे एक गुंठा, अर्धा गुंठा, क्वचित त्याहूनही कमी जागेत दाटीने उभी आहेत. कायद्याने त्यांना मोकळे सोडले, ते दयाबुद्धीनेच. परंतु पुरात प्रथम बुडणारी आणि टँकरसाठी प्रथम रांग लावणारी वस्ती हीच आहे. ही पुस्तिका मुख्यतः अशा, सक्तीच्या कक्षेबाहेरच्या घरांसाठी लिहिली आहे, आणि हाच तिचा खरा विशेष आहे. तामिळनाडूने २००३ साली जुन्या-नव्या सर्वच इमारतींना पर्जन्यसंचय आवश्यक केला. नदी नसलेल्या बर्म्युडा बेटावर तर घराचे छप्परच पाणी धरण्यासाठी बांधावे लागते, तेथे छप्पर आणि विहीर या दोन गोष्टी वेगळ्या मानीतच नाहीत. आपल्याकडे अशी सरसकट सक्ती यावी की नाही याबद्दल मतभेद होऊ शकतील. लहान घरास सक्तीपेक्षा मदत आणि घरपट्टीत सवलत अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट अंमलबजावणीची. नकाशावर दाखविलेली टाकी भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत जिवंत असते. एका नव्या इमारतीत मी स्वतः पाहिले : पुनर्भरणाचा खड्डा होता, वाळू-खडीचे थर होते, गच्चीवरून उतरलेली नळीही होती, परंतु गच्चीवरचा कचरा पहिल्याच पावसात त्या खड्ड्यात उतरून वरचा वाळूचा थर चिखलाने बंद झाला होता, आणि रहिवाशांना तो खड्डा कशाचा हेच माहीत नव्हते. वाळू वर्षातून एकदा खरडून धुवावी लागते, ही गोष्ट मंजुरीच्या कागदावर कोणी लिहिली नव्हती. नियम मोडण्याची कोणाची इच्छा नव्हती. त्याची निगा ठेवावयाची असते एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

येथल्या भूमीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण दुसऱ्या प्रांतात लिहिलेली पुस्तके वाचून आपल्याकडे पुष्कळदा चूक होते. कोल्हापूर काळ्या पाषाणावर वसले आहे. या पाषाणाच्या वरच्या कुजलेल्या थरात आणि त्याच्या सांधे-भेगांत काय पाणी मुरेल तेवढेच. वर काळी माती असेल तर ती भिजून फुगते आणि वाट बंद करते. त्यातून नदीच्या आणि रंकाळ्याच्या बाजूस आषाढात जमिनीतले पाणी इतके वर आलेले असते की पुनर्भरणाचा खड्डा स्वतःच झऱ्यासारखा भरून राहतो, आणि त्यात आणखी पाणी सोडणे म्हणजे भरल्या घागरीत ओतणे होय. अशा ठिकाणी साठवणीची टाकी बरी. उंचावरच्या भागात, जेथे उन्हाळ्यात कूपनलिका कोरड्या पडतात, तेथे मुरविणे बरे. आणि जेथे जुना आड शिल्लक असेल तेथे त्याच्यासारखे साधन नाही, कारण तो साठवतोही आणि मुरवितोही. फक्त त्यात शौचकुपाची गळती तर येत नाही ना, हे आधी पाहावे. कोणत्या घरास काय योग्य हे ठरविण्यासाठी वैशाखात आणि श्रावणात अशी दोनदा शेजारच्या विहिरीची पातळी मोजावी, ही पुस्तिकेतील सूचना वरवर क्षुल्लक दिसते, पण मला सर्व ग्रंथात तीच अधिक शहाणपणाची वाटली.

हे सर्व या भूमीत होऊ शकते याचा दाखला शहराच्या पूर्वेच्या टेकाडावर आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या ८५३ एकरांच्या माळरानावर उतार पाहून तळी, शेततळी आणि विहिरी यांची अशी सांगड घातली की पावसाचे पाणी आवारातच अडते आणि विद्यापीठाची बरीचशी गरज त्यावर भागते. २०१९ च्या महापुरात शहराचे नळ बंद होते तेव्हा याच साठ्यातले शुद्ध केलेले पाणी विद्यापीठाने पूरग्रस्तांना पुरविले. नदीने पाठ फिरविली असता माळावरच्या पावसाने शहराची तहान भागविली, ही घटना आपल्या जलइतिहासात ठळक अक्षरांनी नोंदविली जावी अशी आहे. विद्यापीठास विस्तीर्ण जागा आहे आणि पेठेतल्या घरास नाही, हा आक्षेप खरा आहे. पण एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरावर पडला की एक लिटर पाणी होते, हे गणित दोघांनाही सारखेच लागू आहे. एक गुंठ्याच्या छपरावर शहरातल्या सुमारे १००० मिलिमीटर पावसाने वर्षाला लाखभर लिटर पाणी पडते. गळून-उडून जाणारे वजा जाता ऐंशी हजार धरले तरी पाच माणसांच्या घराची सुमारे चार महिन्यांची गरज झाली. ते सगळे साठविता येणार नाही, हे उघड आहे. परंतु पुराच्या आठ-दहा दिवसांपुरते, टाक्याच्या तोंडाशी झाकण आणि जाळी ठेवून, नक्कीच साठविता येईल.

सांडपाण्याच्या प्रकरणात लेखकांनी घेतलेली सावधगिरी वाचकांनी लक्षपूर्वक वाचावी. न्हाणीचे पाणी स्वयंपाकघराच्या तेलकट पाण्यात मिसळू नये. शौचकुपाच्या पाण्याशी त्याचा कोणत्याही वाटेने संबंध येऊ नये. ते चोवीस तासांहून अधिक साठवून ठेवू नये, कारण त्यास दुर्गंधी सुटते आणि डास होतात. पालेभाजीवर ते शिंपडू नये, झाडाच्या मुळाशी मातीखाली सोडावे. आणि पुनर्वापराची नळी निराळ्या रंगाची ठेवून ती पिण्याच्या नळास चुकूनही जोडली जाणार नाही याची खात्री करावी. घरात तान्हे मूल आजारी असेल तर त्याचे कपडे धुतलेले पाणी सरळ गटारात जाऊ द्यावे, ही टीप वाचून मला लेखकांविषयी आदर वाटला; पाणी वाचविण्याच्या उत्साहात ज्यांना माणसाचा विसर पडत नाही अशांनीच हे काम करावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारे आणि त्यांबरोबर डास हटविले, तो प्रयोग आता सर्वत्र माहीत झाला आहे. शहराच्या दाटीत तो तसाच होणार नाही, परंतु कर्दळीचा एक हातभर रुंद वाफा पेठेतल्या बोळातही मावतो.

पुस्तिकेच्या शेवटी एक कोरे पान जोडले आहे. त्यावर प्रत्येक घराने आपल्या छपराचे क्षेत्र, पन्हळीची दिशा, आडाची खोली, टाकीची क्षमता आणि मोरीच्या पाण्याची वाट लिहावयाची आहे, आणि दरवर्षी मृगाच्या आधी ते पुन्हा तपासावयाचे आहे. पुस्तक वाचून संपविण्याआधीच मी माझे पान भरले. छप्पर ६० चौरस मीटर, अर्धे कौलारू व अर्धे पत्र्याचे. पन्हळ उत्तरेस, मधोमध वाकलेली, दुरुस्त करावयाची. टाकी ३००० लिटरांची घेण्याचे ठरविले आहे. साठ-पासष्ट मिलिमीटरांच्या एका चांगल्या पावसात ती भरेल. न्हाणीची मोरी परसात वळविणे शक्य, स्वयंपाकघराची नाही. आडावरची फरशी गेल्या आठवड्यात दोन माणसांनी पहारीने उचलली. आत कोनाड्यात कबुतराचे घरटे होते, ते पिले उडून जाईपर्यंत तसेच ठेवले आहे. खोली दोरीने मोजली ती ३१ फूट. वैशाखातले पाणी ४ फूट.